माफीच्या पुढचा शब्द

अण्णा,

तुम्हाला मातीत बसवलं त्याला आज नऊ दिवस झाले. आपल्या लिंगायतांत गेलेल्या माणसाला आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण त्या खड्ड्यात तुम्ही बसलात, कपाळाला विभूती, मांडीवर बेलाची पानं, मान नेहमीसारखी उजवीकडं कललेली, आणि मला वाटलं, आता तुम्ही समोरच्याला विचाराल, "हं, सांगा. काय लिवायचं?" कचेरीपुढच्या लिंबाखाली तुम्ही असेच बसायचात. मी मातीची मूठ टाकली आणि मागे सरले. रडू आलं नाही. ज्या माणसाचं नुकसान आपण केलं, त्याच्यासाठी रडायची लाज वाटते.

तुम्हाला न्यायला माणसं जमत नव्हती. आपल्या मठाच्या जंगमस्वामींनी स्वतः दारोदार फिरून चौघांना उठवलं. चौथा धोंडिबा होता. साठी उलटलेला, गुडघ्यात वाकलेला, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. बाकीचं अणदूर गाव उंबऱ्यात उभं राहून पाहत होतं. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "माफीवाले अण्णा गेले वाटतं." मेल्यावरसुद्धा तेच नाव. आणि ते नाव तुम्हाला कुणाच्या चुकीनं पडलं, हे त्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. मला आणि तुम्हाला. आता एकटी मी उरले.

मी सोळाव्या वर्षी सासरहून परत आले, म्हणजे त्यांनी आणून सोडलं. दोन वर्षांत पाळणा हलला नाही एवढंच कारण. आमच्या दारातून तुमचा ओटा समोर दिसायचा. तुम्ही सकाळी तालुक्याला जायचात, कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहायचात आणि तिसऱ्या प्रहरी परत यायचात. निजाम सरकारची भाषा उर्दू, गावाची मराठी आणि आपल्या घरातली अर्धी कानडी. माणसाचं गाऱ्हाणं मराठीत ऐकायचं आणि उर्दूत मांडायचं, हा तुमचा धंदा. एका दुपारी माकणी गावची एक बाई घरापर्यंत आली. तासभर रडत, शिव्या देत, पदरानं नाक पुसत बोलत राहिली. तुम्ही सात-आठ ओळी लिहिल्यात आणि मराठीत तिला समजावून सांगितल्यात. ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "व्हय. ह्येच म्हनायचं हुतं मला." तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. मला काय म्हणायचंय हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या ओट्याखाली येऊन उभी राहिले. "अण्णा, मला शिकवा."

"काय शिकवू?"

"तुमच्यावानी व्हायचंय मला."

तुम्ही तपकिरीची चिमूट हातातच धरून माझ्याकडं पाहिलंत. तुमच्या मंडळी नीलव्वाकाकू आतून हसल्या. तुम्ही हसला नाहीत. "बाजारात वांगी घेताना उलटीपालटी करून बघतीस का न्हाय?" तुम्ही विचारलंत.

"बघते."

"मग मानूस बरं तसाच उचलतीस! अख्खा मानूस घिऊ ने पोरी. त्यातलं किडकं कोन खाईल? एखादा गुन घ्यावा आन चालाय लागावं."

तुमचं तसंच होतं, हे तुम्ही नंतर सांगितलंत. तुम्हाला उर्दू शिकवणारे कादरसाब अफू खायचे, अर्जदाराला ताटकळत ठेवायचे, घरी बायकोला मारायचे. त्यांच्याकडून तुम्ही एकच गोष्ट घेतली होती. वाचताना प्रत्येक शब्दावर बोट ठेवायचं, आणि शब्द अडला तर थांबायचं. अडला म्हणून तोंडानं सांगायचं. "शब्द अडला म्हनून सांगायला लाजतो, त्यो मानूस दुसऱ्याचं घर बुडवतो," हे कादरसाबांचं वाक्य तुम्ही मला पहिल्याच दिवशी ऐकवलंत. मी ते पाठ केलं, अण्णा. पाठ केलं म्हणजे आपल्याला आलं, असं त्या वयात वाटतं.

पण मी तुमचं ऐकलं कुठं? मी तुम्हाला अख्खंच उचललं. तुम्ही मान कलती ठेवून लिहायचात म्हणून मीही मान कलती ठेवायला लागले. आईला वाटलं मान लचकली, तिनं चार दिवस तेल चोळलं. तुम्ही जेवताना बोलत नव्हता म्हणून मी जेवताना बोलायचं सोडलं. काकूंवर उगाच ओरडायचात, तेसुद्धा मला मोठ्या माणसाचं लक्षण वाटायचं. एकदा अलिफ-बे, म्हणजे उर्दू मुळाक्षरं, लिहिताना मी नुक्ते, अक्षरांचे ठिपके, चुकवले, तर तुम्ही पाटी अंगणात भिरकावलीत. पाटीचा कोपरा उडाला. मी तो तुकडा डबीत जपून ठेवला, प्रसादासारखा. तुम्हाला कळलं असतं तर ती डबीही भिरकावली असतीत.

आपला तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. थंडीच्या दिवसांत आपला खंडोबा नळदुर्गला जातो. देव एकच आणि गावं दोन, म्हणून वर्षातले दोन महिने तो तिकडं राहतो. इथला गाभारा मोकळा असतो, तरी माणसं उंबऱ्यावर डोकं टेकून जातात. एकदा मी तशी टेकून येत होते तर तुम्ही वाटेत अडवलंत. "देव तर नळदुर्गाला. तू कुनाच्या पाया पडून आलीस?"

"जागेच्या," मी म्हणाले.

"बघ, देवालाबी दोन महिने गाव सोडायची मुभा हाय. मानसाला तू बारा म्हैने गाभाऱ्यात बसवशील तर त्यानं खोकायचं कवा, चुकायचं कवा?"

मी म्हणाले, "तुम्ही चुकत नाही." तुम्ही वैतागून निघून गेलात. मला वाटलं, थोर माणसाला स्तुती आवडत नाही. तुम्ही खरंच वैतागला होता, हे आता कळतंय.

गावात माझी पत वाढली ती तुमच्यामुळं. टाकलेली बाई म्हणून ज्या बायका मला हळदीकुंकवाला बोलावत नव्हत्या, त्या कागद घेऊन दारात यायला लागल्या. कुणाचं समन्स, कुणाचा मुलगा पलटणीत त्याचं पत्र. तुम्ही तालुक्याला असायचात तेव्हा मी वाचून द्यायचे. तुम्ही मला गमतीनं 'मुन्शीबाई' म्हणायचात आणि गल्लीनं ते नाव खरं करून टाकलं. मला तर ते नाव सोन्याच्या बिलवरांपेक्षा जड वाटायचं. मला अडलेला शब्द सांगायची लाज वाटायला लागली, ती तिथून.

मग ते वाईट वर्ष आलं. गावोगाव शिंदीची झाडं तोडायला लागले लोक, सरकारच्या दारूचं उत्पन्न बुडावं म्हणून. आपल्या गावचे सात जण एका सकाळी ओढ्याकाठी कुऱ्हाडी घेऊन गेले. त्यात तुम्ही होता. लेखणी सोडून दुसरं काही न उचलणारा माणूस कुऱ्हाड घेऊन गेला म्हणून काकू डोकं धरून बसल्या. धोंडिबाही होता. सातही जणांना पकडून नेलं. कोण सुटतं, कोण नाही, याची रोज नवी बातमी यायची. एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती. जो माफीनामा लिहून देतो, तो सुटतो. आणि सुटलेल्या माणसाकडं गाव पाठ फिरवतं.

दीड महिन्यानं तुम्ही एकटे परत आलात. बैलगाडीत आडवे पडून, तोंडावर उपरणं, आणि खोकला असा की गाडीवान मागं वळून पाहत होता. जेलच्या डॉक्टरनं लिहून दिलं, हा आत मरेल, म्हणून सोडलं, एवढंच तुम्ही सांगितलंत. खरं तेच होतं. पण बाकी सहा जणांच्या बायका तुमच्या अंगणात उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही तापात निपचित पडला होता. काकूंनी तुमचं बोचकं धुवायला काढलं आणि सदऱ्याच्या आत घडी केलेला एक कागद निघाला. तुमच्याच हातचा. काकूंनी मला हाक मारली. "गौरा, बघ गं काय लिवलंय. औषधाचं असंल तर आनाया धाडते." अंगणात धोंडिबाची बायको सखू आणि आणखी तिघी-चौघी होत्या. सगळ्या माझ्याभोवती जमल्या. सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडाकडं.

कागद घसीट होता. घाईनं लिहिलेला, नुक्ते गाळलेला. जेलात कुठून आणली असेल तुम्ही ती पेन्सिल! मी बोट ठेवलं. दरख्वास्त, म्हणजे अर्ज. बराए, म्हणजे साठी. माफी. पुढचा शब्द अडला.

अण्णा, तो शब्द अडला. मला तो लागेना. मी बोट त्याच्यावर ठेवून उभी राहिले, बहुतेक दोन श्वास एवढा वेळ. सखू म्हणाली, "मुन्शीबाईलाबी येईना व्हय?" कुणीतरी फिस्सकन हसलं. आणि मी बोट उचलून पुढं ठेवलं. पुढं लिहिलं होतं, फिदवी जईफ है. फिदवी म्हणजे आपला ताबेदार, अर्ज करणारा. जईफ म्हणजे अशक्त, एवढं मला येत होतं. जईफ म्हणजे म्हातारासुद्धा, हे त्या क्षणी आठवलं नाही. अशक्त तर तुम्ही होताच, आत तापानं पडला होता; खालच्या ओळी मी वाचल्याच नाहीत.

"माफीची दरख्वास्त आहे," मी म्हणाले.

"म्हंजी अण्णांनी माफी मागितली व्हय?" सखूनं विचारलं.

"व्हय," मी म्हणाले.

हे मी माझ्या तोंडानं म्हणाले. आवाज चढवून, ठासून. कारण मघाशी हसल्या होत्या त्या.

सखू तुमच्या अंगणात थुंकली. काकूंनी माझ्या हातातून कागद घेतला आणि चुलीत घातला. कागद जळताना मला तुमचा रागच आला होता, हे खरं सांगते. मी तुम्हाला देव केलं होतं आणि तुम्ही माफी मागून आलात, म्हणून मी घरी जाऊन ती पाटीचा तुकडा ठेवलेली डबी उकिरड्यावर फेकली. एका 'व्हय'मध्ये मी तुमचं नाव बुडवलं, आणि वर स्वतःलाच फसवली गेलेली समजून दोन दिवस जेवले नाही.

तुम्ही ताप उतरून उठलात तोवर सगळं होऊन गेलं होतं. तुमच्याकडं अर्ज लिहायला कुणी येईना. विहिरीवर काकूंची घागर बाजूला सारायला लागले. पोरं मागून ओरडायची. काकूंनीच मला नंतर सांगितलं, की तुम्ही विचारलंत, "कागद वाचला कुनी?" त्यांनी माझं नाव सांगितलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "वाचनारीनं वाचलं. आता काय."

या शेवटच्या दोन शब्दांवर मी किती दिवस डोकं फोडलं असेल! 'आता काय' म्हणजे काय, अण्णा? पोरीकडं तेवढंच एक आहे, तिला खोटं पाडू नये, असं होतं का ते? की जिला शिकवलं तिनंच बुडवलं, आता बोलण्यात काय अर्थ, असं होतं? की नुसता कंटाळा? तुम्ही एकदा ओट्यावरून ओरडून "पोरगी चुकली" म्हणाला असता, तर मी दुसऱ्या दिवशी गल्लीत हसं झाले असते आणि चौथ्या दिवशी लोक विसरले असते. तुम्ही मला वाचवलंत की टाकलंत, हे मला कधीच कळणार नाही. मला तुमचा राग येतो. मेलेल्या माणसाचा राग यावा हे पाप असेल, तर असू दे.

मग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि सहाही जण सुटून आले. त्यांची वाजतगाजत मिरवणूक निघाली. तुम्ही दार लावून आत होता. दोन दिवसांनी धोंडिबा आमच्या अंगणात येऊन बसला. बोलता बोलता म्हणाला, "जेलात मला चक्कीला जुपलं हुतं. ह्या वयात. अण्णांनी माज्यासाठी दरख्वास्त लिवली, मशक्कत माफ करा म्हनून. पैला कच्चा कागूद त्यांच्यापाशीच ऱ्हायला, साफ करून दुसरा दिला सायबाला. माजी चक्की सुटली बग. न्हायतर म्या आतच ग्येलो असतो."

मशक्कत. सक्तमजुरी. माफीच्या पुढचा शब्द तो होता. तुम्ही स्वतःसाठी काही मागितलंच नव्हतं. अर्ज धोंडिबाच्या नावानं होता, जईफ म्हणजे म्हातारा तोच होता. आणि ज्या सखूच्या नवऱ्याची चक्की तुम्ही सोडवलीत, तीच तुमच्या अंगणात थुंकली होती, माझ्या शब्दावर.

धोंडिबानं हे गावभर सांगितलं. कुणी मानलं नाही. घरात सखूनंही मानलं नाही. लोक म्हणाले, म्हातारा भोळा आहे, अण्णांनी त्याला गुंडाळलं असेल. त्याला अक्षर कुठं येतं? मुन्शीबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलंय की. माझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ झाला होता. ती रेघ फक्त मलाच पुसता आली असती.

त्याच महिन्यात उर्दू शाळेची मराठी शाळा झाली, मुलींचा वर्ग निघाला, आणि बाई म्हणून माझं नाव पुढं आलं. गावात वाचणारी बाई एकच. मी मनाला सांगितलं, नेमणूक होऊ दे, मग सांगते. नेमणूक झाली. मग मी म्हणाले, पोरींना बाराखडी येऊ दे. मग संक्रांत झाली की, मग उन्हाळा लागला की. कारणं काय, पावसाळ्यात गवत उगवावं तशी उगवतात. तुम्ही समोरच होता. रोज खोकला ऐकू यायचा.

शेवटी एकदा आंबिलीचा तांब्या घेऊन आले. ठरवून आले होते. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता. हातपाय काड्या झालेले, पण मान तशीच.

"काय मुन्शीबाई, शाळा कशी हाय?"

"बरी आहे, अण्णा."

"शब्द अडतो का आजून?"

हीच वेळ होती. तुम्ही दार उघडून दिलं होतं, आणि मी बाहेर उभी राहून म्हणाले, "आता मराठीच असतंय की सगळं. मराठीत कुठं अडतं?"

तुम्ही हसलात. हसता हसता खोकला आला, काकू पाठ चोळायला धावल्या. ठसका थांबल्यावर तुम्ही म्हणालात, "मराठीतबी अडतो. लई अडतो." आणि डोळे मिटलेत. मी तांब्या ठेवून निघून आले. त्यानंतर आठव्या दिवशी तुम्ही गेलात.

परवा रविवारी मी सांगितलं, अण्णा. खंडोबाच्या पायऱ्यांवर, माणसं दर्शन घेऊन बसतात तिथं. पुरुष होते, बायका होत्या, सखू होती. मी म्हणाले, मी चुकले होते. मला शब्द आला नव्हता. माफी स्वतःसाठी नव्हती, धोंडिबाच्या सक्तमजुरीची होती. अण्णांनी सरकारपुढं मान तुकवली नाही. मी खोटं वाचलं. नोकरी गेली तर जाऊ दे म्हणून सगळं सांगितलं, बायका हसल्या होत्या म्हणून वाचलं, हेसुद्धा. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्याव्यात म्हणून मी वाट पाहत होते.

सखू उठली, माझ्याजवळ आली आणि तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "किती मोठं मन गं पोरीचं," ती म्हणाली. "मेलेल्या गुरूची लाज झाकाया सोताच्या अंगावर घ्येतलं बगा." मी ओरडले, तसं नाही, खरंच चुकले होते. तर एक जण म्हणाला, "असू द्या बाई. गेलेल्या मानसाबद्दल चांगलंच बोलावं. आमाला कळतंय." कागद दाखवावा तर तो चुलीत गेला होता. धोंडिबा एकटा मान हलवत होता, पण त्याच्याकडं कुणी पाहत नव्हतं. मी रडायला लागले तसे आणखी चार जण माझं कौतुक करायला पुढं आले.

शाळेतली नोकरी गेली नाही. उलट लोक माझ्यासाठी रस्ता सोडतात. आणि तुमचं नाव निघालं की म्हणतात, माफी मागितली होती खरी अण्णांनी, पण शिकवलेली पोरगी बघा कशी निघाली.